ओळख देणार कोण?

(सांगलीतल्या एका वाचनालयात निवृत्त बँक कर्मचाऱ्याने केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)

मंडळी, ‘तंत्रज्ञान आणि नीती’ हा विषय मला पेलणारा नाही. मी उभा जन्म बँकेच्या काऊंटरवर काढला, तेव्हा अंगठ्यावर बोलतो.

सही न येणारे खातेदार आमच्याकडे यायचे. शाईच्या पॅडवर अंगठा टेकवायचा, मग स्लिपवर, आणि उरलेली शाई केसांना पुसायची. पण नुसत्या अंगठ्यावर आम्ही पैसे देत नव्हतो. शेजारी ‘ओळख देणार’ म्हणून दुसऱ्या कुणाची तरी सही लागायची. उद्या भानगड झाली तर त्याला बोलावता यायचं. म्हणून तो पेन उचलण्याआधी समोरच्या माणसाकडे एकदा नीट बघून घ्यायचा. मला तेव्हा ही कटकट वाटायची, खोटं कशाला बोलू?

अंगठ्याचं मूळही गमतीदार आहे. १८५८ साली बंगालात, जंगीपूरला, विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं एका कंत्राटदाराचा अख्खा पंजा करारावर उमटवून घेतला. का, तर पुढे त्यानं ‘सही माझी नव्हेच’ म्हणू नये. म्हणजे सुरुवातच अविश्वासातून. आपल्याकडे २०१० साली नंदुरबारच्या टेंभलीत पहिलं आधार कार्ड दिलं गेलं, आणि आता इंजिनिअरही अंगठा लावतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ओळख देणाराची सही मात्र गेली.

आमच्या गल्लीतल्या एक आजी रेशनला गेल्या होत्या, मी मागे उभा होतो. जन्मभर हळकुंडं मोडून बोटं गुळगुळीत झालेली. अंगठा पुसला, पदरानं पुन्हा पुसला, मग दुसरं बोट लावलं. मशीन नाहीच म्हणालं. दुकानदार त्यांना वीस वर्षं ओळखतो, त्यांच्या मुलाच्या लग्नात जेवलाय. तो म्हणाला, “आजी, मी काय करू? सिस्टिम घेत नाही.” त्याच्यावर रागवून उपयोग नव्हता. खरं तर कुणावरच रागावता येत नव्हतं, आणि माझं दुखणं नेमकं तेच आहे.

उलट मतदान केंद्रावर बघा. पोलिंग एजंटनं ‘हा मतदार तो नव्हेच’ असा आक्षेप घेतला, तर आधी दोन रुपये अनामत त्याला भरावी लागते. शंका काढणारा तो, तर खिशात हातही त्यानंच घालायचा. दोन रुपये म्हणजे काहीच नाही, पण ते कुणी भरायचे याला मोल आहे. रेशनच्या मशीनला कधी दोन रुपये भरावे लागलेत?

फॉरवर्डचं तसंच. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं ठार मारलं. मोबाईलवरून फिरलेल्या त्या अफवेखाली सही कुणाची होती? त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात एका वेळी पाचच जणांना फॉरवर्ड करता येईल असं जाहीर केलं. पाच तर पाच. पण पाठवणारा पुन्हा बिनसहीचाच.

२०१९ च्या महापुरात आमच्या ग्रुपवर दर मिनिटाला पाणी चढत होतं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ चाळीस फुटांना इशारा आणि पंचेचाळीसला धोका, हे इथल्या पोराटोरांनाही पाठ. तरी ‘अमुक फूट झालं, पळा’ असे मेसेज येत; केव्हाचे ते कळायचं नाही. गल्लीतला एक पोरगा मात्र आकड्याखाली लिहायचा : “सकाळी सहा दहा. मी स्वतः बघितलं.” आणि खाली नाव. त्याच्या मेसेजवर आम्ही सामान माळ्यावर चढवलं, बाकीच्यांच्या मेसेजवर नुसते घाबरलो. काऊंटरवर बसणाऱ्याला असं ओळखपत्रासारखं वाक्य लिहिण्याची मुभा द्या, एवढंच माझं मागणं आहे. ‘मशीननं नाकारलं, पण मी यांना ओळखतो,’ आणि खाली सही. चुकला तर त्याला विचारा.

आजींचं राहिलं. चौथ्या खेपेला ओटीपीचा मार्ग निघाला. कार्डाला पुण्यातल्या नातवाचा नंबर जोडलेला. तो कंपनीत शिफ्टला, फोन बंद. तासाभरानं लागला, त्यानं तिकडून आकडे सांगितले, इकडे दुकानदारानं दाबले, पावती आली. आजी पिशवी उघडता उघडता म्हणाल्या, “पुण्यातनं धान्य सुटतंय, मग मी हितं कशाला आली?”