पूर्वजन्माच्या साक्षीने लिहिलेला इजिप्त

मित्रहो, जोन ग्रँट या इंग्रज लेखिकेचं नाव आज आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही. 1937 साली मात्र तिची पहिलीच कादंबरी, 'विंग्ड फॅरो', खूप वाचली गेली. तो काळ ध्यानात घ्या. 1922 साली तुतनखामेनचं थडगं सापडलं आणि इंग्लंडला इजिप्तचं वेड लागलं. अगाथा ख्रिस्तीची नाईल नदीवरच्या खुनाची कादंबरीही 1937 सालचीच. अशा वेळी तिशीतली एक बाई पाच हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्तची गोष्ट लिहिते, तीही 'मी' म्हणून. तिची सेकीता राजकन्या आहे, देवळात कठोर दीक्षा घेते आणि पुढे भावाच्या जोडीने राज्य करते. पुस्तक कादंबरी म्हणून छापलं गेलं, कादंबरी म्हणूनच गाजलं.

1956 साली जोनचं आत्मचरित्र आलं आणि त्यात तिने सविस्तर सांगितलं की हे मी रचलेलं नाही, मला आठवलेलं आहे. शेणकिड्याच्या आकाराचा एक जुना इजिप्शियन ताईत तिच्या हातात आला. तो धरून बसलं की एका वेगळ्याच अवस्थेत जाऊन ती बोलू लागे आणि नवरा लेस्ली ते उतरवून घेई. प्रसंग येत ते मागचे पुढे, पुढचे मागे. आज म्हातारपण, उद्या बालपण. सगळं उतरवून झाल्यावर ते तुकडे क्रमाने लावले आणि पुस्तक झालं. या शक्तीला ती 'दूरची स्मृती' म्हणायची. लहानपणी घरी येणाऱ्या एच. जी. वेल्स या नामवंत लेखकापाशी तिने हे गुपित उघड केलं होतं. लोकांचं हसणं सोसायची ताकद येईपर्यंत हे मनातच ठेव, पण लेखिका हो, असा सल्ला त्यांनी दिल्याचं ती लिहिते.

इंग्लंडमधल्या वाचकाला यात पहिला धक्का पुनर्जन्माचाच बसणार. आपलं तसं नाही. 'बहूनि मे व्यतीतानि जन्मानि तव चार्जुन' हे आपण लहानपणापासून ऐकतो. संस्कारांचा साक्षात्कार झाला की पूर्वजन्माचं ज्ञान होतं, असं पतंजलींचं सूत्र आहे. बाणभट्टाच्या कथेत तर पोपट राजसभेत येऊन गोष्ट सांगू लागतो आणि जन्मामागून जन्म उलगडत जातात. त्यामुळे जोनचा दावा आपल्याला परका वाटत नाही, आणि मला काळजी वाटते ती इथेच. आपण मान फार लवकर डोलावतो. पूर्वजन्म असतो हे मान्य केलं तरी अमुक बाईला आठवलेलं अमुक खरं, हे त्यातून सिद्ध होत नाही.

नागपूरची घटना तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. 1974 साली तिथली एक सुशिक्षित मराठी बाई अधूनमधून बंगाली बोलू लागली आणि स्वतःला शारदा म्हणवू लागली. इयन स्टीव्हन्सन आणि सतवंत पसरिचा यांनी तिचा अभ्यास केला. हे दोघे पुनर्जन्माची शक्यता खुली ठेवणारे संशोधक, तरीही बाईंचा बंगालीशी आधी कुठे संबंध आला होता का, हे त्यांनी बारकाईने तपासलं. टीकाकारांनी तो धागा आणखी ताणला. श्रद्धा असलेल्याने आणि नसलेल्याने तोच प्रश्न विचारायचा असतो: हे दुसऱ्या वाटेने आलं असण्याची शक्यता किती?

तोच प्रश्न सेकीतेला विचारू. इजिप्तच्या पहिल्या राजघराण्यात, म्हणजे इसवीसनापूर्वी 3000 च्या आसपास, सत्तेच्या अगदी जवळ असलेली एक स्त्री खरोखर होऊन गेली. तिचं नाव मेरनीथ. अबायडोसच्या राजांच्या दफनभूमीत फ्लिंडर्स पेट्री या इंग्रज पुरातत्त्वज्ञाला 1900 साली तिचं थडगं मिळालं. थडगं इतकं मोठं, राजांच्या इतकं बरोबरीचं, की हा कुणी राजाच असणार असं त्याला वाटलं. त्याचा अहवाल त्याच वर्षी छापून आला. म्हणजे जोनने ताईत हातात घेतला त्याच्या साडेतीन दशकं आधी ही बाई ग्रंथालयाच्या कपाटात होती. जोनने तो अहवाल वाचलाच असं मी म्हणत नाही. पण वाचलेलं, ऐकलेलं, कुणाच्या गप्पांत कानावर पडलेलं मनात राहतं, ते कुठून आलं हे विसरलं जातं आणि मग ते आपली आठवण होऊन वर येतं. हे लबाडीशिवाय घडतं. जोन खोटं बोलत होती असं मला वाटत नाही.

1985 साली त्याच अबायडोसला जर्मन उत्खननात देन राजाच्या काळातल्या एका मुद्रेचा ठसा सापडला. त्यावर राजांची ओळीने नावं आहेत आणि मेरनीथच्या नावापुढे 'राजमाता' असं पद आहे. आज बहुतेक अभ्यासक मानतात की मुलगा देन लहान असताना तिने कारभार पाहिला. आणि तिच्या थडग्याभोवती चाळीसेक सेवकांची थडगी आहेत. त्या घराण्यात राजाबरोबर चाकरांनाही पुरत, त्यातले बरेच त्यासाठी मारले गेले असावेत. जोनचा इजिप्त न्यायाचा, प्रकाशाचा, ज्ञानी पुजाऱ्यांचा आहे. जमिनीखालून निघालेला इजिप्त असा आहे. ही चाळीस माणसं कादंबरीकाराला दिसायला हवीत, असं मला मनापासून वाटतं.

आठवणीच्या दाव्यात अडचण ही आहे की तो तपासता येत नाही. इतिहासकार वि. का. राजवाडे जुनी दप्तरं शोधत गावोगाव हिंडले, 22 खंड छापले, आणि त्यातलं पत्र खोटं वाटलं तर तुम्ही-मी ते उघडून वाद घालू शकतो. कल्पनेने लिहिणारा कादंबरीकारही 'हे मी असं योजलं' म्हणून जबाबदारी घेतो. 'मला आठवलं' म्हणणारा ती जबाबदारी आपल्या अंगावरून काढून टाकतो. आपल्याकडे तर साध्या कादंबरीतले थोरल्या माधवरावांच्या तोंडचे संवाद लोक इतिहास म्हणून भाषणांत सांगतात. त्यावर आठवणीचा शिक्का बसला तर काय होईल, विचार करा.

म्हणून जोनने पहिलं पुस्तक कादंबरी म्हणून छापलं हे मला तिच्या सगळ्या निर्णयांत सर्वांत योग्य वाटतं. आणि कादंबरीकार म्हणून ती बाई कसलेली आहे. विस्कळीत तुकडे मिळाले असं क्षणभर मानलं, तरी ते कुठे जोडायचे, कुठे थांबायचं, हे कुठलाही ताईत सांगत नाही. दीक्षेतली भीती, थकवा, एकटेपण ती शरीरातून लिहिते. आणि ती प्रत्येक वेळी राजकन्याच होते असंही नाही. 'लाइफ अ‍ॅज कॅरोला' या 1939 च्या कादंबरीत ती सोळाव्या शतकातल्या इटलीतली एका उमरावाची अनौरस मुलगी आहे, भटक्या नाटकवाल्यांबरोबर फिरणारी. 'आइज ऑफ होरस'मध्ये तर निवेदक पुरुष आहे.

उत्तरायुष्यात तिने डेनिस केल्सी या मानसोपचारतज्ज्ञाशी लग्न केलं आणि दोघांनी रुग्णांवर पूर्वजन्माच्या आधाराने उपचार केले. तिथे मला तिच्याबरोबर जाता येत नाही. कादंबरी पटली नाही तर वाचक ती मिटून ठेवतो, दुःखात असलेल्या रुग्णाला ती मोकळीक नसते.

तुम्ही वाचणार असाल तर सेकीतेपासून सुरुवात करू नका. आधी 'कॅरोला' घ्या. तिथे राजवाडा नाही, देवळातली विद्या नाही, उपदेशही कमी आहे. भुकेलेली, हिंडणारी, गाणारी एक मुलगी आहे, आणि तिच्यावर विश्वास बसायला पूर्वजन्माची साक्ष काढावी लागत नाही.