तंजावरचा भात कुणाच्या पावसावर पिकतो?

[कॅमेऱ्यासमोर]

12 जून. ही तारीख लक्षात ठेवा. आपल्याकडे त्या सुमारास मान्सून कोकणात आलेला असतो, नाहीतर येण्याच्या बेतात असतो, आणि घराघरांत विषय एकच, ढग कुठवर आले? तमिळनाडूतल्या तंजावर जिल्ह्यात मात्र शेतकऱ्याचं लक्ष आभाळाकडे नसतं. ते असतं तिथून खूप दूरच्या मेट्टूर धरणाच्या दरवाजांकडे. धरणात पुरेसं पाणी असेल तर कावेरीच्या खोऱ्यासाठी ते याच दिवशी सोडायचं, असा रिवाज आहे.

नमस्कार मंडळी. तंजावर म्हटलं की आपण मराठी माणसं थेट तिथल्या मराठा गादीवरच्या सरफोजीराजांवर उडी मारतो. राजे येतील, पण त्यांची पाळी आल्यावर. आधी पाणी.

[नकाशा: तलकावेरी, मेट्टूर, तंजावर, समुद्र]

कावेरी उगम पावते कर्नाटकात, कोडगूच्या डोंगरात. जून-जुलैमध्ये नैऋत्य मोसमी वारे सह्याद्रीला धडकतात आणि कोडगू भिजवून काढतात. पूर्वेला तंजावरपर्यंत पोचता पोचता त्या वाऱ्यांत फारसं काही उरत नाही. सरी पडतात, पण भाताचं भागत नाही. तरी तोच पाऊस नदीतून उतरतो आणि मनिऑर्डर आल्यासारखा उशिरानं तंजावरला मिळतो.

तंजावरचा स्वतःचा पाऊस ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत. हा ईशान्य मान्सून, बंगालच्या उपसागरावरून येणारा. वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस धरला, तर निम्म्याच्या आसपास या तीन महिन्यांतच पडतो. आपली दिवाळी उरकते तेव्हा यांचा पावसाळा भरात असतो.

पिकांचं वेळापत्रक या दोन पावसांवर बसवलेलं आहे. जूनच्या पाण्यावर कुरुवै, म्हणजे कमी मुदतीचा भात. ऑगस्टच्या सुमारास सांबा, हा लांब मुदतीचा. कुरुवै कापून त्याच रानात पुन्हा लावतात तो थाळडी. सांबाची कापणी जानेवारीच्या मध्यावर सुरू होते आणि तेव्हाच पोंगल येतो. (सांबा आणि सांबार यांचा संबंध नाही. सांबाराला संभाजीराजांवरून नाव पडलं, ही गोष्ट कमेंटमध्ये येणार हे मला माहीत आहे. गोष्ट छान आहे, पुरावा नाही.)

आता नदीचं पाणी शेतात जातं कसं, ते बघू. इथे मला थोडा जास्त वेळ घालवायचाय.

[चित्र: कल्लणै]

तिरुचिरापल्लीच्या वर, मुक्कोंबूपाशी, कावेरीचे दोन फाटे होतात. उत्तरेचा कोल्लिडम, दक्षिणेची कावेरी. कोल्लिडमचा उतार जास्त, त्यामुळे पाणी तिकडे पळायला बघतं आणि तसंच समुद्रात जातं. थोडं खाली, तंजावर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, हे दोन फाटे पुन्हा एकमेकांजवळ येतात. कावेरीचं पाणी तिथूनही कोल्लिडममध्ये निसटू शकतं. नेमक्या त्याच जागी कल्लणै हा दगडी बांध घातलाय. तमिळ परंपरा त्याचं श्रेय करिकाल चोळ राजाला देते, म्हणजे साधारण अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीचं काम.

नदीच्या तळाशी तिथे नुसती वाळू आहे. पाया घ्यायला खडक नाही. मग त्या लोकांनी मोठाले दगड वाळूत सोडले. ते खचले, त्यांवर आणखी सोडले, तेही खचले, आणि खचायचे थांबेपर्यंत हे चालू ठेवलं. त्या थरांवर नागमोडी बांध उभा राहिला. पुढे कंपनी सरकारचा इंजिनिअर आर्थर कॉटन इथे आला आणि वाळूवर पाया कसा घालायचा हे या बांधाकडे बघून शिकला. 1836 च्या सुमारास त्यानं मुक्कोंबूला कोल्लिडमच्या तोंडावर बंधारा घातला, तेव्हा कुठे कावेरीच्या फाट्यात पुरेसं पाणी राहायला लागलं.

आज कल्लणैपासून पाणी कावेरी, वेण्णार आणि एका मोठ्या कालव्यात वाटलं जातं. तो कालवा मेट्टूर धरणाच्याच काळातला. धरण 1934 साली पुरं झालं. कालव्यामुळे जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या ओरत्तनाडू, पट्टुक्कोट्टै या कोरड्या, लालसर मातीच्या भागालाही नदी मिळाली. त्याआधी हिरवं तंजावर म्हणजे फक्त उत्तरेचा गाळाचा पट्टा.

इतका भात पिकतो तिथे राजे येणारच. राजराज चोळानं 1010 च्या सुमारास बृहदीश्वराचं मंदिर पुरं केलं, साठ मीटरहून उंच, सगळं ग्रॅनाइटचं. गाळाच्या प्रदेशात ग्रॅनाइट कुठला? बाहेरून ओढून आणला. मंदिराच्या भिंतींवरचे तमिळ शिलालेख वाचले की कुठल्या गावाने किती भात द्यायचा, दिव्याला तूप कुणी पुरवायचं, असा हिशोब सापडतो. मला त्या शिखरापेक्षा हा हिशोब जास्त थक्क करतो.

चोळांनंतर पांड्य, मग विजयनगर, मग नायक. आणि 1675 च्या आसपास, विजापूरच्या फौजेबरोबर आलेले व्यंकोजीराजे, शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ.

दोघा भावांची भेट 1677 साली झाली, कोल्लिडमच्या उत्तर काठावर. वडिलांच्या दौलतीतला वाटा हा विषय होता. बोलणी फिसकटली आणि व्यंकोजीराजे रातोरात नदी ओलांडून तंजावरला परतले. महाराजांनी कोल्लिडमच्या उत्तरेचा मुलूख घेतला, दक्षिणेचा भावाकडे राहिला. आणि नदीच्या दक्षिणेलाच तर सगळा भात होता!

ही गादी 1855 पर्यंत टिकली, पण शेवटची पन्नासेक वर्षं नावापुरती. 1781 मध्ये हैदर अलीच्या फौजांनी हा प्रदेश उद्ध्वस्त केला. 1799 च्या तहानं कारभार कंपनीकडे गेला, आणि दुसऱ्या सरफोजीराजांकडे किल्ला, तनखा आणि भरपूर मोकळा वेळ उरला. तो त्यांनी सत्कारणी लावला. सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं, देवनागरी छापखाना काढला, रामेश्वरच्या वाटेवर यात्रेकरूंसाठी छत्रं, म्हणजे धर्मशाळा, चालवली. 1803 मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवला. चोळांच्या तमिळ हिशोबाच्या आवारात मराठी वंशावळ! हे जरा जास्तच झालं असं मला वाटतं, पण वाचायला मिळतं म्हणून आपण खूश.

[कॅमेऱ्यासमोर]

आता आजचं. जुन्या विशाल तंजावर जिल्ह्यातून 1991 मध्ये नागपट्टिनम वेगळा झाला, पुढे तिरुवारूर. उरलेल्या जिल्ह्याला दक्षिणेला पाल्कच्या उपसागराचा किनारा आहे. 2022 मध्ये तिथल्या समुद्रात डुगाँग, म्हणजे समुद्रगाय, हिच्यासाठी देशातलं पहिलं संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं. या किनाऱ्याच्या मागे नारळाच्या बागा आहेत. नोव्हेंबर 2018 मध्ये गज चक्रीवादळानं पट्टुक्कोट्टै आणि पेरावूरणीकडची झाडं मुळासकट आडवी केली. भात बुडाला तर पुढच्या हंगामात पुन्हा लावता येतो. नारळाला फळ धरायलाच काही वर्षं जातात, त्यामुळे तिथली माणसं त्या वादळाबद्दल अजून बोलतात.

आणि कोर्टकचेरी. कावेरीच्या वाट्याचा वाद मद्रास आणि म्हैसूर यांच्या 1892 आणि 1924 च्या करारांपासूनचा. फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की कर्नाटकानं सीमेवर वर्षाला 177.25 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, पाणी सोडायचं. पण कोडगूत पाऊसच ओढ देतो, तेव्हा आकडा कागदावर राहतो. 2024 मध्ये मेट्टूरचे दरवाजे उघडायला जुलैचा शेवट उजाडला. ज्यांच्याकडे बोअर आणि पंप होता त्यांनी कुरुवै लावली, बाकीच्यांची रानं वाट बघत राहिली.

जायचं असेल तर मे महिना टाळा, ऊन असह्य असतं. नोव्हेंबरात वादळाची धास्ती. जानेवारी उत्तम, सांबाची कापणी बघायला मिळते. कल्लणैला सकाळी जा. मंदिरात मराठी लेख आवाराच्या नैऋत्येला आहे, तो सहसा कुणी आपणहून दाखवत नाही, विचारावं लागतं. आणि तुमच्यापैकी कुणाला मोडी येत असेल, तर सरस्वती महालात मराठा दरबाराच्या मोडी कागदांचे ढीग आहेत. वाचणारे फार कमी उरलेत.