कादिझ ते लिस्बन, कोर्लईची बोली घेऊन

(दृश्य: स्पेनमधलं कादिझ. संध्याकाळ. ला कालेता किनाऱ्यावर ओहोटीत टेकलेल्या होड्या.)

कढईतलं तेल कडकडीत तापलंय. बेसन आणि गव्हाच्या पातळ पिठात कालवलेली बारीक कोळंबी सालासकट तेलात पडते. पीठ पसरतं, कडेला जाळी धरते, वर कांदा-पार्सलीचे हिरवे ठिपके दिसू लागतात. इथे या पदार्थाला म्हणतात तोर्तियीतास दे कामारोनेस. आम्ही चौघं रायगडच्या किनाऱ्यावर वाढलेले. पहिला घास तोंडात गेला आणि चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. ही तर जवळ्याची भजी!

जून महिना, पाठीवर प्रत्येकी दहा-दहा किलोची सॅक. पंधरा दिवसांत सहा देश उरकणारी सहल आम्हाला करायची नव्हती. एकच किनारा धरायचा, कादिझपासून लिस्बनपर्यंत, मिळेल त्या बसने, होडीने, रेल्वेने. या हट्टाचं कारण आमच्यातच होतं. आमची एक मैत्रीण कोर्लईची.

(दृश्य: रेवदंड्याहून दिसणारी कोर्लईची टेकडी, कुंडलिकेचं मुख.)

रेवदंड्यासमोर, कुंडलिका नदीच्या मुखाशी कोर्लईचा किल्ला आहे. हा मुलूख दोनशेहून अधिक वर्षं पोर्तुगीजांकडे होता. 1740 मध्ये तो मराठ्यांकडे आला आणि पोर्तुगीज निघून गेले. पण किल्ल्याच्या पायथ्याच्या ख्रिस्ती वस्तीत त्यांची भाषा राहिली. गाव तिला म्हणतं 'नॉ लिंग', म्हणजे आपली भाषा. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण वाक्याची ठेवण मराठी, क्रियापद शेवटी. आज जेमतेम हजारभर माणसं ती बोलतात. मैत्रिणीची आजी त्यांच्यातली एक. निघताना आजीने नातीला एवढंच विचारलं होतं, "तिथल्या लोकांना आपलं बोलणं कळेल का गं?"

तो प्रश्न सॅकमध्ये घालूनच आम्ही आलो होतो.

(दृश्य: कादिझ, तोरे ताव्हिरा. अंधारी खोली, पांढऱ्या गोल पडद्यावर शहर.)

कादिझ जवळजवळ सगळीकडून समुद्राने वेढलेलं आहे. इथे आधी फिनिशियन व्यापारी आले, त्याला तीन हजार वर्षं होत आली. अठराव्या शतकात अमेरिकेशी चालणारा स्पेनचा व्यापार याच बंदरातून होऊ लागला आणि व्यापाऱ्यांनी घरांवर मनोरे चढवले, आपलं गलबत लांबूनच दिसावं म्हणून. त्यातल्या तोरे ताव्हिरा मनोऱ्यात अंधाऱ्या खोलीत आरसा आणि भिंगांतून सगळं शहर एका पांढऱ्या गोलावर उतरवतात. गच्चीवर वाळत घातलेली चादर त्या गोलावर हलताना आम्ही पाहिली. बाहेर लेव्हान्ते सुटला होता, पूर्वेकडचा कोरडा, तापलेला वारा. पश्चिमेकडून येतो तो पोनिएन्ते, थंड आणि दमट. मतलई आणि खाऱ्या वाऱ्यांवर वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

(दृश्य: ग्वादियाना नदी. आयामोंतेहून सुटणारी फेरी बोट.)

स्पेन आणि पोर्तुगालच्या मधून ग्वादियाना वाहते. आयामोंतेहून अकराची बोट धरली, पंधरा मिनिटांत पलीकडे उतरलो, तर घड्याळात सव्वादहा. पोर्तुगालचं घड्याळ एक तास मागे असतं. बंदराजवळच्या बेकरीच्या पाटीवर लिहिलं होतं 'पाँव'. आत गेलो तर आपलाच पाव! मग आमचा खेळच सुरू झाला. चावी, बादली, बटाटा, कोबी, अननस, काजू, फीत, घमेलं, नाताळ, पगार. घरात, बाजारात रोज बोलतो ते शब्द आम्ही याच लोकांकडून घेतलेत. दिसेल त्या पाटीवर, ऐकू येईल त्या बोलण्यात आम्ही ते वेचत होतो.

पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या लागुशमध्ये खेळ थांबला.

(दृश्य: लागुश. चौकातली कमानींची जुनी इमारत. संगीत नाही.)

सोनेरी कडे, हिरवं-निळं पाणी, कड्यांतून होडी जाईल अशा गुहा. लोक लागुशला त्यासाठी येतात, आणि यावंच. पण ऑगस्ट 1444 मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून पकडून आणलेली 235 माणसं याच गावाच्या वेशीबाहेर उतरवली गेली. त्यांचे गट पाडले, आई एका गटात, मूल दुसऱ्या गटात. त्या वेळच्या पोर्तुगीज बखरकाराने हे लिहून ठेवलंय. 2009 मध्ये गावात वाहनतळासाठी खोदकाम करताना जुन्या कचऱ्याच्या जागी दीडशेहून अधिक आफ्रिकी माणसांचे सांगाडे सापडले. काहींना हातपाय बांधलेल्या अवस्थेतच टाकलं होतं. आज चौकातल्या या इमारतीत गुलामगिरीचं संग्रहालय आहे. 'लैलाँव' हा शब्दही आपल्याकडे आलाय, लिलाव. तो माझ्या मनात आला. त्या दिवशी कोणी समुद्रात उतरलं नाही.

(दृश्य: रेल्वेच्या खिडकीतून तेजू नदी, पलीकडे लिस्बन.)

लिस्बनला रेल्वे शिरते ती '25 एप्रिल' नावाच्या पुलाच्या खालच्या मजल्यावरून. खूप खाली तेजू नदी, पलीकडे टेकड्यांवर पांढरी-पिवळी घरं. 1 नोव्हेंबर 1755 ला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, भूकंप, समुद्राच्या लाटा आणि आग, तिन्हींनी हे शहर उद्ध्वस्त केलं. सखल भाग नव्याने, आखून बांधावा लागला. अल्फामा ही शहरातली जुनी वस्ती मात्र खडकावर असल्यामुळे बरीचशी वाचली, म्हणून तिथल्या गल्ल्या अजून जुन्याच वळणाच्या आहेत.

आमच्यासारखे प्रवासी वाढले तशी इथली अनेक घरं पाहुण्यांच्या मुक्कामाच्या खोल्या झाली आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या भाडेकरूंना बाहेर पडावं लागलं. कोणाच्या खिडकीखाली आपण उभे आहोत, हे आम्ही इथे दर वळणावर स्वतःला बजावत होतो.

(दृश्य: अल्फामा. सांतो आंतोनियोच्या सणाच्या कागदी माळा. एका उंबऱ्यापाशी छोटी शेगडी.)

एक आजीबाई दारातच टेबल मांडून जिंजाचे पेले विकत होत्या. जिंजा म्हणजे आंबट चेरीची दारू. मैत्रीण त्यांच्याजवळ गेली आणि कोर्लईच्या बोलीत बोलली. आजीबाईंच्या कपाळाला आठी पडली. "सावकाश बोल." ती पुन्हा बोलली. आजीबाईंनी तेच वाक्य मोठ्याने म्हणून पाहिलं, शेवटचं क्रियापद उचलून मधे ठेवलं, आणि चेहरा उजळला. त्यांनी वरच्या खिडकीतल्या शेजारणीला हाक मारली. हे तुला कोणी शिकवलं? मैत्रीण म्हणाली, आजीने.

लिस्बनमध्ये संध्याकाळचे पाच, कोर्लईत रात्रीचे साडेनऊ. मैत्रिणीने व्हिडिओ कॉल लावला. आजी डोक्यावरचा पदर नीट करत पडद्यावर आल्या. दोघी आधी नुसत्याच एकमेकींकडे बघत राहिल्या. मग कोर्लईच्या आजींनी त्यांच्या बोलीत विचारलं, जेवलीस का?

अल्फामाच्या आजीबाईंनी शेगडीकडे हात केला. अजून नाही, तारली भाजतेय.