कंकणद्वीपांच्या दारात: तुआमोतूमधील शिडाचा प्रवास

श्रोतेहो, प्रशांत महासागर शिडाच्या नौकेने ओलांडणारे बहुतेक जण मार्केसास बेटांहून ताहितीकडे जाताना तुआमोतू द्वीपसमूहातून जातात. आजचे व्याख्यान मी मुद्दाम त्या एका टप्प्यापुरतेच ठेवणार आहे, कारण उष्ण कटिबंधातल्या बेटांमधून नौका नेण्याची खरी परीक्षा तिथेच होते. फ्रेंच पॉलिनेशियातील या समूहात ७५हून अधिक कंकणद्वीपे, म्हणजे मधल्या पाण्याभोवती प्रवाळाचे कंकणासारखे कडे असलेली बेटे, आहेत. बूगेनव्हिल या फ्रेंच दर्यावर्द्याने १७६८ साली त्यांना ‘धोकादायक द्वीपसमूह’ म्हटले, आणि ते नाव नकाशांवर दीर्घकाळ टिकले. मकातेआसारखे उंचावलेले बेट सोडले, तर इथली जमीन पाण्यावर जेमतेम काही मीटर असते. माडांचे शेंडे दिसू लागतात तेव्हा किनारा दहाएक सागरी मैलांवरच आलेला असतो, आणि रात्री तर तेही दिसत नाहीत.

हे बेट असे का बनते, याचे उत्तर चार्ल्स डार्विनने दिले. १८३५च्या नोव्हेंबरात ‘बीगल’ जहाज याच समूहातून ताहितीला गेले. ज्वालामुखीचे बेट हळूहळू खचते आणि त्याच्या कडेचे प्रवाळ मात्र वर वाढत राहते, म्हणून अखेरीस मधला डोंगर नाहीसा होऊन कडे तेवढे उरते, असे प्रतिपादन त्याने १८४२च्या ग्रंथात केले. १९५२ साली मार्शल बेटांतील एनेवेटाक येथे खोल विंधन घेतले, तेव्हा १२०० मीटरहून अधिक जाडीच्या प्रवाळी चुनखडकाखाली ज्वालामुखीचा खडक सापडला. आपल्या लक्षद्वीपची बेटेही याच जातीची आहेत.

नावाड्याचा संबंध येतो तो या कड्यातल्या खिंडीशी. आतल्या लगूनमध्ये, म्हणजे कड्याने वेढलेल्या पाण्यात, शिरायला तेवढीच वाट असते. रांगिरोआचे लगून सुमारे ८० किलोमीटर लांब आहे, पण नौकांची ये-जा मुख्यतः उत्तरेकडच्या तिपुता आणि आवातोरू या दोनच खिंडींतून होते. इथे भरती-ओहोटीतला फरक एका मीटरपेक्षाही कमी, त्यामुळे प्रवाहही सौम्य असेल असे कोणालाही वाटावे. प्रत्यक्षात दक्षिण गोलार्धाच्या हिवाळ्यात दूर दक्षिणेच्या महासागरात वादळे झाली, की तिथून निघालेल्या लाटा काही दिवसांनी दक्षिणेकडच्या सखल प्रवाळकड्यावर फुटतात आणि पाणी सतत लगूनमध्ये ओततात. ते सारे पाणी खिंडीतूनच बाहेर पडते. अशा दिवशी भरतीच्या वेळीही प्रवाह बाहेरच वाहत राहू शकतो आणि त्याचा वेग सहा नॉटच्या, म्हणजे ताशी सहा सागरी मैलांच्या, वर जाऊ शकतो. सामान्य नौकेचे इंजिन तिला जेमतेम तेवढा वेग देते. त्यात वारा समोरून असला, की खिंडीच्या तोंडाशी उभ्या लाटा उठतात. म्हणून भरतीच्या तक्त्यावर विसंबून चालत नाही. पाणी ठरेपर्यंत बाहेर थांबायचे, आणि ठरलेच नाही तर पुढच्या बेटाकडे निघायचे, एवढी तयारी मनात ठेवूनच तिथे जावे.

लाटांचे हे ज्ञान पॉलिनेशिया आणि मायक्रोनेशियाच्या दर्यावर्द्यांचे मोठे धन आहे, आणि त्याविषयी मला मनापासून आदर वाटतो. १९७६ साली ‘होकुलेआ’ ही दुहेरी होडी हवाईहून ताहितीला निघाली, तेव्हा सातावाल बेटाच्या माऊ पियाइलुग यांनी कोणत्याही उपकरणाविना तिला वाट दाखवली. पहिली जमीन दिसली ती तुआमोतूच्याच माताइव्हाची. लाटांतला बदल आणि पांढऱ्या सुरय पक्ष्यांची ये-जा यांवरून जमीन जवळ आल्याचे त्यांनी आधीच ओळखले होते.

खिंड ओलांडली, की पाण्याचा रंग वाचण्याचे काम सुरू होते. सूर्य डोक्यावर चढलेला आणि पाठीमागे असावा, एकाने चकाकी कापणारा चष्मा लावून नाळेवर किंवा डोलकाठीवर उभे राहावे आणि सुकाणू धरणाऱ्याला हाताने दिशा दाखवावी. गडद निळे पाणी खोल, फिकट हिरवट पाण्याखाली वाळू, आणि तपकिरी डाग म्हणजे तळापासून पृष्ठभागापर्यंत चढलेला प्रवाळाचा खांब. ढगाची सावलीही तशीच दिसते. ती सरकते का, एवढे पाहण्यापुरते थांबावे.

नांगर फक्त वाळूत टाकावा. वारा फिरला की साखळी प्रवाळाला वेढे घालते, फांद्या मोडते आणि नौका तिथेच अडकून पडते. यावर उपाय म्हणून नांगराजवळचा भाग तळाशी ठेवून पुढच्या साखळीला ठरावीक अंतरावर तरंगे बांधतात. मोत्यांच्या शेतीतले सुटलेले तरंगे किनाऱ्याला लागलेले असतात, तेच यासाठी उपयोगी पडतात. हा खटाटोप अर्ध्या तासाचा, पण त्याने वाचणारे प्रवाळ वाढायला अनेक वर्षे लागलेली असतात. तो टाळणाऱ्याने लगूनमध्ये शिरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

राहता राहिला माराआमू, म्हणजे आग्नेयेचा जोरदार वारा. तो सुटला, की एवढ्या लांबरुंद लगूनमध्ये आतही मोठ्या लाटा उठतात आणि वारा ज्या टोकाकडे वाहतो तिथे नांगरलेली नौका प्रवाळावर ढकलली जाते. अंदाज कळताच आग्नेय कोपऱ्यातल्या माडांच्या आडोशाला जावे लागते, आणि तेही दुपारीच, कारण ऊन कलल्यावर तपकिरी डाग दिसेनासे होतात.