पुस्तक मिटल्यावर

(पहाटेचे पावणेसहा. पुण्याच्या सदाशिव पेठेतली अरुंद गल्ली. जिन्याखाली चपलांचे जोड.)

वर किती जण बसलेत ते जिन्याखालच्या चपला मोजून कळतं. अजून उजाडलेलं नाही आणि इथे २९ जोड आहेत.

दुसऱ्या मजल्यावर अभ्यासिका आहे. प्लायवूडच्या फळ्या टाकून केलेले कप्पे, प्रत्येक कप्प्याला नंबर, एक दिवा, एक प्लग. सदाशिव पेठ, नारायण पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता या टापूत अशा अभ्यासिका गल्लोगल्ली आहेत. बीड, लातूर, नांदेड, सोलापूर, बुलढाण्याहून मुलं राज्यसेवेसारख्या स्पर्धा परीक्षांच्या तयारीला येतात. आधी कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेपुरती जागा बघतात, मग मेस लावतात, मग अभ्यासिका लावतात. अप्पा बळवंत चौकातून पुस्तकांची पिशवी येते आणि दिवस सुरू होतात.

या फिल्ममध्ये आपण जिच्यासोबत आहोत ती मुलगी आटपाडीकडची, माणदेशातली. पुण्यात तिचं हे तिसरं वर्ष. नाव निकाल लागल्यावर सांगा, म्हणाली.

(कप्पा क्रमांक १७. भूगोलाचं पुस्तक. पानं उलटताना रंग दिसतात.)

हे पुस्तक तिने तीनदा वाचलंय. पहिल्या वेळी पिवळा हायलायटर, दुसऱ्या वेळी गुलाबी, तिसऱ्या वेळी हिरवा. काही पानांवर कोरी ओळ शोधावी लागते. पहिल्या दोन वर्षांबद्दल ती जे सांगते ते नीट ऐकण्यासारखं आहे : "पान उघडलं की सगळं ओळखीचं वाटायचं. आणि पेपरात चार पर्यायांतले दोन ओळखीचे वाटायचे."

मला वाटतं, अभ्यास नेमका कुठे फसतो ते या एका वाक्यात आलं. ओळखीचं वाटणं वेगळं आणि आठवणं वेगळं. रस्त्यात समोरून येणारा चेहरा आपण ओळखतो, पण नाव काही केल्या ओठावर येत नाही. तिसऱ्यांदा वाचताना डोळे ओळीवरून सरसर जातात, कुठे अडत नाही, आणि त्या न अडण्यालाच आपण 'झालं' म्हणतो. अभ्यासिकेत दिवसभर हाच शब्द कानावर पडतो. पॉलिटी झालं. इकॉनॉमी झालं. भूगोल दोनदा झाला.

मीही याच शहरात इंजिनिअरिंग केलं. पेपरच्या आदल्या रात्री नाइट मारायची, झेरॉक्सच्या नोट्स पहाटेपर्यंत संपवायच्या, सकाळी भरलेलं भांडं सांभाळत न्यावं तसं डोकं सांभाळत परीक्षेला जायचं. पहिला वर्ग मिळाला. सहा महिन्यांनी नोकरीच्या मुलाखतीत माझ्याच विषयातला, अगदी पायातला प्रश्न विचारला गेला. मला त्या धड्याचं पान आठवत होतं. आकृती डाव्या बाजूला होती हेसुद्धा आठवत होतं. आकृतीत काय होतं, ते मात्र नाही. ती खोली, तो पंख्याचा आवाज मी विसरलेलो नाही. ही फिल्म करावीशी वाटली ती तिथून.

(फर्ग्युसन महाविद्यालय, मुख्य इमारत. सकाळचं ऊन.)

फर्ग्युसन महाविद्यालय सुरू झालं १८८५ साली. त्याच वर्षी जर्मनीत हर्मान एबिंगहाउस नावाच्या अभ्यासकाने स्मरणशक्तीवरचं आपलं काम पुस्तकरूपाने छापलं. प्रयोगाला त्याच्याकडे एकच माणूस होता, तो स्वतः. अर्थ नसलेल्या अक्षरांच्या याद्या करायच्या, पाठ करायच्या, ठराविक वेळ जाऊ द्यायचा आणि पुन्हा पाठ करायला किती कमी श्रम पडतात ते मोजायचं. महिनोन्‌महिने त्याने हेच केलं. तासाभरातच पहिल्या कष्टांपैकी निम्म्याहून जास्त वाया गेलेले असायचे, दिवसाने जवळजवळ दोन तृतीयांश. पुढे मात्र गळती मंदावायची. महिन्यानंतरही थोडं काही उरायचंच.

त्याच्या पुस्तकातला विसरण्याचा आलेख पुष्कळांनी पाहिलेला असतो. मला मोलाची वाटते ती त्याच कामातली दुसरी नोंद. एक यादी त्याने एका बैठकीत ६८ वेळा घोकली. तेवढाच परिणाम तीन दिवसांत विभागून ३८ वेळा म्हटल्यावर मिळाला. मेहनत जवळपास निम्मी, फक्त मध्ये रात्री गेलेल्या.

(अभ्यासिकेचा जिना. काका खुर्चीत बसलेले.)

जागा ज्यांची आहे त्यांना सगळी मुलं काका म्हणतात. वय ७५. त्यांचं लहानपण याच वाड्यात गेलं, वाडा पाडून ही इमारत उभी राहिली. दिवेलागणीला देवापुढे शुभंकरोती झालं की आजोबा परवचा घ्यायचे, ते त्यांना लख्ख आठवतं. पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. मग महिने, तिथी, नक्षत्रं. हातात पुस्तक कुणाच्याच नाही. ओळीने सगळं म्हणून झालं की आजोबा मधूनच कुठलाही आकडा टाकायचे, किंवा पाढा उलटा म्हणायला लावायचे.

कॅमेऱ्यासमोर मी काकांना सतराची पावकी, म्हणजे सतराचा पाव हिस्सा, विचारली. "सव्वाचार," ते लगेच म्हणाले. शेवटची परवचा म्हटल्याला साठ वर्षं सहज झाली असतील.

घोकंपट्टीला आपण नावं ठेवतो आणि ते बरोबरच आहे. अर्थ न समजता घोकलेलं परीक्षेनंतर उडून जातं. पण त्या रागाच्या भरात परवचाही आपण अडगळीत टाकली, याचं मला वाईट वाटतं. परवचेत काय होतं ते पाहा. रोज संध्याकाळी, पुस्तक न बघता, आपल्या आतून काढून दाखवायचं. चुकलं की जागच्या जागी दुरुस्ती. दुसऱ्या दिवशी पुन्हा. क्रम मोडूनही विचारणार. सात आठे किती हे सांगायला ज्याला सात एकेपासून चढत यावं लागतं, त्याला पाढा येतो असं आजोबा मानत नसत.

आणि हे ज्ञान रोज वापरात होतं. पावशेर, अच्छेर असा माल यायचा, १६ आण्यांचा रुपया होता, पाव आणि पाऊण केल्याशिवाय वाण्याकडचा हिशोब पुरा होत नसे. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली, वजनंमापंही मेट्रिक झाली, आणि एका पिढीत पावकी-दिडकी घराघरातून गेली. काकांच्या आजोबांनी मात्र चालू ठेवली. म्हणून आज हा माणूस सव्वाचार म्हणू शकतो.

(अभ्यासिका. ती पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिहिते आहे.)

परवचेत दडलेली ही गोष्ट प्रयोगशाळेत तपासली गेली आहे. २००६ साली अमेरिकेत हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. एका गटाने उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्या गटाने पहिल्या सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत न बघता जेवढं आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर चारदा वाचणारे पुढे होते : त्यांना ८३ टक्के आठवलं, दुसऱ्यांना ७१. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा चारदा वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरलं होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांकडे ६१.

तुमच्या किती लक्षात राहील, असंही त्या मुलांना आधी विचारलं होतं. खात्री जास्त होती ती चारदा वाचणाऱ्यांना.

आपल्या मुलीला हे आकडे माहीत नव्हते. दोन वर्षं अपयश घेतल्यावर ती स्वतःच इथवर आली. आता ती एक प्रकरण वाचते, पुस्तक मिटते, झेरॉक्सच्या पाठकोऱ्या कागदावर लिहायला बसते. पहिले काही आठवडे रडू यायचं, म्हणाली. तासभर वाचलेल्यातलं पाच ओळींपुढे काही सुचायचं नाही. हाच टप्पा मुलं सोडून देतात, कारण वाचत बसणं सुखाचं आणि हे दुखतं. ती टिकली. काय आठवत नाही ते कागदावर उघडं पडतं, मग पुस्तकातलं तेवढंच शोधायचं.

तिच्याकडे मिठाईचे तीन रिकामे खोके आहेत. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. पहिल्या खोक्यातली कार्डं रोज, दुसऱ्यातली चार दिवसांनी, तिसऱ्यातली पंधरवड्याने. उत्तर आलं की कार्ड पुढच्या खोक्यात, चुकलं की परत पहिल्यात. सेबास्टियन लाइटनर या पत्रकाराने १९७०च्या दशकात ही पद्धत लोकांपुढे ठेवली. तिने ती एका मैत्रिणीकडून उचलली. एक नियम ती फार काटेकोरपणे पाळते : कार्ड उलटण्याआधी उत्तर मोठ्याने म्हणायचं. मनात म्हटलं की आपण स्वतःला फसवतो, असं तिचं म्हणणं. मला ते शंभर टक्के पटतं.

गणिताची अडचण वेगळी होती. नफा-तोट्याची ४० उदाहरणं एकदम सोडवायची, मग काळ-काम-वेगाची ४०. घरी सगळी बरोबर येत, पेपरात हात थांबत. कारण सरळ आहे. पुस्तकात वर प्रकरणाचं नाव छापलेलं असतं, पेपरात नसतं. रीत येते, पण कुठली रीत लावायची हे ओळखण्याचा सराव कधी झालेलाच नसतो. २००७ साली डग रोहरर आणि केली टेलर यांनी घनफळाच्या उदाहरणांवर हेच तपासलं. एकेका प्रकाराची सलग उदाहरणं करणाऱ्यांची सरावात ८९ टक्के बरोबर आली, सरमिसळ करणाऱ्यांची ६०. आठवड्याने परीक्षा झाली. सलगवाले २० टक्क्यांवर आले होते, सरमिसळवाले ६३ वर. आता ती जुन्या प्रश्नपत्रिका कापते, चिठ्ठ्या डब्यात घालते आणि हलवून एक काढते.

(मुठा नदीपात्र. मग जुनी वही : एका ओळीत तारीख.)

तिच्या पहिल्या वर्षाच्या वहीत एक ओळ आहे. 'पानशेत पूर, १२ जुलै १९६१.' खाली दोन रेघा, शेजारी चांदणी. एवढंच.

गेल्या पावसाळ्यात तिने या ओळीला 'का' विचारला. मातीचं धरण का फुटलं? बांधकाम पुरं झालं नव्हतं, पाणी सोडण्याच्या व्यवस्थेचं काम अर्धवट होतं, आणि त्याच अवस्थेत पावसाळा येऊन पाणी साठत गेलं. मग खाली खडकवासल्याचं, ब्रिटिशांच्या काळातलं दगडी धरण का गेलं? ते स्वतःच्या पाणलोटासाठी बांधलेलं, वरच्या फुटलेल्या धरणाचा लोंढा त्याला कसा सोसावा? आणि शहराला पाणी खडकवासल्यातूनच येत असल्यामुळे पूर ओसरल्यावर पुण्यात प्यायच्या पाण्याचे हाल झाले.

मग ती काकांकडे गेली. ते तेव्हा ११ वर्षांचे होते. घरच्यांबरोबर पर्वतीवर जाऊन बसले होते, आणि परतल्यावर वाड्याच्या भिंतीवर चिखलाची रेघ कुठवर होती ते त्यांनी तिला हाताने दाखवलं. खांद्याच्या वर.

त्या एका ओळीला आता धरणांचे प्रकार चिकटलेत, पाण्याचं नियोजन चिकटलंय, काकांचा वर गेलेला हात चिकटलाय. ही तारीख तिला पाठ करावी लागत नाही. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, तेव्हा या पेठांमधली बरीच मुलं धास्तावली होती. पर्यायांतून उत्तर ओळखायची सवय झालेल्या हाताला कोरं पान द्यायचं, म्हणजे धास्ती वाटणारच. तिने या बदलाबद्दल तक्रार केली नाही. कोऱ्या पानाशी तिची ओळख आधीच झाली होती.

रात्री साडेदहाला ती उठते. शेजारच्या कप्प्यांत अजून दिवे असतात. पहिल्या वर्षी तिला याची लाज वाटायची. आता सात तास झोपते. दिवसा शिकलेलं पक्कं होण्यात झोपेचा वाटा मोठा असतो, हे तिला काकांनी वेगळ्या शब्दांत सांगितलं होतं : आजोबा झोपेतून उठवून पाढे विचारत, झोप मोडून शिकवत मात्र नसत.

(पुन्हा सकाळ. कप्पा क्रमांक १७. कोरा कागद, पेन्सिल.)

आज भीमेचं खोरं आहे. पुस्तक पिशवीत, पिशवीची चेन लावलेली. भीमाशंकरपासून ती एक वाकडी रेघ आग्नेयेला ओढत नेते आणि उपनद्या जोडत जाते. उजवीकडून भामा, इंद्रायणी, मुळा-मुठा. डावीकडून घोड. उजवीकडून नीरा. खाली डावीकडून सीना.

नीरा आणि सीना यांच्या मध्ये उजव्या हाताला पेन्सिल थांबते. इथे एक नदी आहे, एवढं तिला आठवतंय. पंढरपूरच्या खालच्या अंगाला मिळते, हेही आठवतंय. ती एक रिकामी रेघ ओढून ठेवते. हात पिशवीकडे जातो आणि परत येतो.

दहा मिनिटं जातात. ती खाली अमृततुल्यवर येते, चहा घेते. तेवढ्यात गावाहून आईचा फोन. परीक्षेबद्दल आई काही विचारत नाही. डाळिंबाच्या बागेचं सांगते, वरच्या अंगाला पाऊस झाला म्हणते, आणि मग : "आगं, नदीला पाणी आलंय."

चहा अर्धा टाकून ती जिना चढते. कप्प्यात बसते, आणि रिकाम्या रेघेवर दोन अक्षरं लिहिते : माण.