लेखकासमोर कोण बसलंय?

वाचक आणि लेखकाचं ज्ञान यांतून लेखन कसं घडतं, हे सांगायचं मी कबूल केलंय. त्याकडे येतोच. पण आधी समुद्राच्या भरतीची एक गोष्ट सांगू द्या, कारण मला हा विचार तिथेच सुचला.

मी भौतिकशास्त्र शिकलो, शिकवलं, आणि आता विज्ञानावर लिहितो. काही वर्षांपूर्वी भरती-ओहोटीवर एक लेख लिहिला होता. त्यात एक वाक्य होतं, ‘चंद्राच्या आकर्षणाने समुद्राला भरती येते.’ चार ओळींनंतर दुसरं, ‘बहुतेक किनाऱ्यांवर भरती दिवसातून दोनदा येते.’ तुम्ही माना डोलावताय. दोन प्राध्यापक मित्रांनीही अशाच डोलावल्या, एक संज्ञा सुधारली आणि लेख परत दिला. मग तो मावशीच्या हाती पडला. तिने आयुष्यभर हिशेबनीस म्हणून काम केलं. चष्मा काढून म्हणाली, “अरे, चंद्र एक, दिवसात पृथ्वीची गिरकी एक, आणि भरत्या दोन? ताळा जमत नाही तुझा.”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. समीकरण होतं. ते मी परीक्षेत सोडवलं होतं, फळ्यावर शेकडो वेळा लिहिलं होतं. पण पृथ्वीच्या चंद्राकडे पाठ असलेल्या बाजूचं पाणी का फुगतं, हे तिला साध्या बोलण्यात सांगता येईना. ते सापडायला मला तीन आठवडे लागले. चंद्राकडच्या पाण्याला ओढ सर्वांत जास्त, पृथ्वीच्या मध्याला त्याहून कमी, पलीकडच्या पाण्याला सर्वांत कमी. म्हणून अलीकडचं पाणी पृथ्वीच्या पुढे सरतं आणि पलीकडचं मागे राहतं. फुगवटे दोन होतात, आणि पृथ्वी फिरताना किनारा दोन्हींखालून जातो. दरम्यान चंद्रही थोडा पुढे गेलेला असतो, म्हणून दोन भरत्यांत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात. मावशी म्हणाली, “आता जमला.”

तो प्रश्न इतका काळ कुणी का विचारला नव्हता, याचा मी खूप विचार केला. जाणकार विचारत नाही, कारण मधली जागा तो नकळत स्वतःच भरून घेतो. सामान्य वाचक विचारत नाही, कारण त्याला वाटतं की आपल्यालाच समजत नाहीये. दोघांच्या मध्ये लेखातलं भगदाड वर्षानुवर्षं सुखरूप राहतं. माझ्याही ज्ञानातलं तसंच राहिलं होतं.

आता माझी तक्रार. हा खुलासा लिहून मी लेख एका नियतकालिकाकडे पाठवला. छापून आला तेव्हा नेमका तोच परिच्छेद गायब होता आणि ती दोन वाक्यं पुन्हा शेजारी-शेजारी उभी होती. मी विचारलं तर उत्तर आलं, “वाचकाला एवढं झेपत नाही.” मला अजून त्याचा त्रास होतो. त्या संपादकांच्या मनातला वाचक कमी जाणणारा होता, इथपर्यंत ठीक. पण त्यांनी त्याला कमी बुद्धीचाही ठरवला. माहिती नसणं आणि समज नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हो! मावशीला भौतिकशास्त्र येत नव्हतं. पण विसंगती तिनेच पकडली.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा उरलेलं भराभर सांगतो.

१९९० साली स्टॅनफर्डमध्ये एलिझाबेथ न्यूटन यांनी एक प्रयोग केला. एकाने ओळखीच्या गाण्याचा ताल टेबलावर वाजवायचा, दुसऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटत होतं, निम्मी तरी ओळखली जातील. १२० पैकी ओळखली गेली तीन. वाजवणाऱ्याच्या डोक्यात सुरांसकट गाणं चालू असतं, ऐकणाऱ्याला फक्त टकटक पोचते. लिहिणाऱ्याचंही हेच होतं, आणि ते एकट्याने बसून स्वतःच्या कानांना कळत नाही.

ज्ञानेश्वर नवव्या अध्यायाच्या आरंभी अवधान मागतात ते ‘सर्वज्ञांच्या’ सभेकडे. ऐकणाऱ्याला आपल्याहून वर बसवायचं, आणि मग बोलायचं. त्या संपादकांच्या नेमकं उलट.

पण वाचक नुसता कल्पनेतला असून भागत नाही. गॅलिलिओने १६३२ मध्ये विश्वरचनेवरचे संवाद लॅटिन सोडून इटालियनमध्ये लिहिले, विद्यापीठाबाहेरच्या वाचकासाठी. त्यात साग्रेडो नावाचं पात्र आहे, हुशार पण तज्ज्ञ नसलेला माणूस. याहून चांगला श्रोता कुठला? तरीही चौथ्या दिवशी चर्चा भरतीवर येते आणि गॅलिलिओ चुकतो. चंद्राचा प्रभाव तो नाकारतो, भरती पृथ्वीच्या गतीमुळे येते म्हणतो. त्या तर्काने मुळात दिवसाला एकच भरती निघते, म्हणून दुसरीचा भार त्याने समुद्राच्या लांबी-खोलीवर टाकला. साग्रेडो अखेर त्याच्याच बाजूला राहतो. राहणारच, त्याची वाक्यं गॅलिलिओच लिहीत होता. तिथे ताळा मागणारं हाडामांसाचं माणूस हवं होतं.

मावशीने परवा नवा प्रश्न काढलाय, “मग तळ्याला भरती का दिसत नाही?” त्यावर लिहितोय. पहिला मसुदा कालच तिच्याकडे गेला आहे.