नोंदवहीत नसलेला वाचक

श्रोतेहो, नमस्कार.

ग्रंथालयाच्या दाराशी एक नोंदवही असते. आलेला वाचक त्यात नाव, वेळ लिहितो, सही करतो. पायऱ्या पाहून खालूनच परत फिरलेल्या वाचकासाठी तिच्यात रकाना नसतो. उद्याच्या ग्रंथपालांना सर्वसमावेशकतेचं प्रशिक्षण द्यायचं, तर ते या न आलेल्या वाचकापासून सुरू व्हावं, असं आमचं ठाम मत आहे.

‘प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ’ हे ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांचं १९३१ सालचं सूत्र ग्रंथालयशास्त्राचा प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो. त्यातला ‘प्रत्येक’ कोण, हे आपापल्या गावात शोधावं लागतं. ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय स्थापन झालं ते १८९३ साली. आज मुंब्र्यात उर्दू वाचणारी मुलं आहेत, येऊरला वारली पाडे आहेत. खाडीपलीकडे नवी मुंबईत आगरी-कोळी गावं आहेत, तुर्भ्याच्या वस्त्यांत कामगारांची घरं आहेत, वाशी-नेरूळला तमिळ आणि मल्याळम बोलणारी कुटुंबं आहेत. प्रशिक्षणार्थींनी पहिल्या आठवड्यात ग्रंथालयाभोवतीचा एक किलोमीटरचा परिसर पायी फिरावा, कोणत्या भाषांतल्या पाट्या दिसतात ते टिपावं आणि ती यादी आपल्या कपाटांशी ताडून पाहावी.

दुसरं काम मोजपट्टीचं. पायऱ्यांच्या जोडीला बांधायच्या उतरणीचं, म्हणजे रॅम्पचं, उंची-लांबीचं प्रमाण एकास बारा हवं. म्हणजे पंधरा सेंटिमीटरच्या चार पायऱ्या असतील, तर साठ सेंटिमीटर उंचीसाठी उतरण सव्वासात मीटरच्या आसपास लागते, शिवाय वर-खाली सपाट जागा आणि दोन्ही बाजूंना कठडा. जागा नाही म्हणून दोन मीटरांत उरकलेली उतरण व्हीलचेअरसाठी धोक्याची असते. आपल्याकडे आणखी दोन गोष्टी बिघडतात. गुळगुळीत लादी पावसाळ्यात घसरते, आणि उतरणीच्या तोंडाशी दुचाक्या लागतात. आत दोन कपाटांमध्ये किमान नव्वद सेंटिमीटर आणि वळायला दीड मीटरचं वर्तुळ मोकळं हवं. पुस्तकं वाढली की मधे एक कपाट घुसवलं जातं, तिथेच ही वाट बंद होते.

आता सभासदत्वाचा अर्ज घ्या. घणसोली गावठाणात भाड्याने राहणाऱ्या घरकामगार बाईच्या नावावर वीजबिल नसतं. ‘वडिलांचे किंवा पतीचे नाव’ हा रकाना सक्तीचा असेल तर एकट्या बाईची पंचाईत होते. स्त्री आणि पुरुष एवढे दोनच चौकोन असतील तर तृतीयपंथी वाचक अर्ज भरायचा तिथेच थांबतो. स्वतःची लिंग-ओळख स्वतः ठरवण्याचा त्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली मान्य केला. प्रशिक्षणार्थींनी प्रत्येक रकान्यापुढे एकच प्रश्न लिहावा: ही माहिती नसली तर पुस्तक देता येणार नाही का? उत्तर ‘देता येईल’ असं आलं, तर रकाना काढावा. अनामत परवडत नसेल त्याला कमी अनामतीवर एका वेळी एकच पुस्तक देण्याची सोय ठेवता येते.

सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा तो दृष्टिहीन वाचकांच्या प्रश्नाला, कारण तिथे अज्ञान मोठं आणि उपाय स्वस्त आहेत. एनव्हीडीए हा पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम मोफत मिळतो आणि मराठीही वाचतो. तरी ग्रंथालयाची यादी त्याच्यापुढे उघडली की अनेकदा इंग्रजी अक्षरांचा गोंधळ ऐकू येतो. कारण जुने मराठी फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार दाखवत असत. डोळ्यांना मराठी दिसे, यंत्राच्या लेखी मजकूर इंग्रजीच राही. तपासणी सोपी आहे. यादीतली एक ओळ नोटपॅडमध्ये चिकटवा. इंग्रजी अक्षरं दिसली, तर सगळी यादी युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षर यंत्रालाही मराठीच कळेल अशा पद्धतीत, बदलून घ्यावी लागेल. बदलल्यावर ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे दोन शब्द शोधून पाहा. फाँट बदलणाऱ्या प्रोग्रामच्या हातून हा ऱ्य हमखास सुटतो. पानांचे नुसते फोटो काढून केलेली पीडीएफही मुकीच असते. तीनशे डीपीआयला, म्हणजे इंचाला तीनशे ठिपके धरून, स्कॅन करून अक्षरओळखीचा (ओसीआर) प्रोग्राम चालवावा लागतो, आणि जोडाक्षरं माणसाने तपासावी लागतात.

अशी प्रत काढायला कायद्याची अडचण येईल, या भीतीने बरेच ग्रंथपाल हात आखडतात. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने अपंग वाचकांसाठी, नफा न कमावता, सुलभ प्रत तयार करायला मुभा दिली आहे. याच विषयावरच्या माराकेश कराराला मान्यता देणारा भारत जगातला पहिला देश, २०१४ साली. ही दोन वाक्यं प्रत्येक ग्रंथपालाला तोंडपाठ हवीत.

वर्गीकरणातही माणसं बाहेर राहतात. पुस्तकांना विषयानुसार आकडे देणाऱ्या ड्यूईच्या दशांश पद्धतीत २२० ते २८९ ही जागा बायबल आणि ख्रिस्ती धर्माला, तर बौद्ध २९४.३, हिंदू २९४.५ आणि इस्लाम २९७ असे दाटीवाटीने बसवलेले. स्थानिक गरजेनुसार पर्यायी वर्गांक वापरण्याची सोय त्या पद्धतीतच आहे, ती शिकवावी. दलित लेखकाचं आत्मचरित्र ‘सामाजिक समस्या’ म्हणून वेगळ्या कपाटात गेलं, तर चरित्रं चाळणाऱ्याला ते कधीच दिसत नाही. चरित्राखाली जादा नोंद करायला पाच मिनिटं लागतात.

देवघेवीच्या टेबलावरचा सराव तिघांनी करावा: एक वाचक, एक ग्रंथपाल, एक निरीक्षक. निरीक्षकाने लिहायचं की ग्रंथपाल कोणाकडे पाहून बोलला. सोबत कुणी असलं की प्रश्न सोबत्याला विचारले जातात, ही चूक जवळजवळ प्रत्येकाकडून होते. कर्णबधिर वाचकासमोर आवाज चढवून उपयोग नाही; आपल्या चेहऱ्यावर उजेड हवा आणि टेबलावर कागद-पेन. आगरीत विचारणाऱ्याची भाषा सुधारायला जाऊ नये. डोळ्यांना पट्टी बांधून चालण्याचा खेळ मात्र आम्ही टाळायला सांगतो. पाच मिनिटांच्या धडपडीतून कीव तेवढी येते, पांढऱ्या काठीने सहज फिरणाऱ्याचं कौशल्य कळत नाही. त्यापेक्षा एका दृष्टिहीन वाचकाला मानधन देऊन बोलवावं आणि त्याच्यासोबत दारापासून कपाटापर्यंत चालावं.

एका दिवसाचं व्याख्यान आणि प्रमाणपत्र एवढ्यावर हे प्रशिक्षण संपलं, तर काही टिकत नाही. शेवटच्या दिवशी प्रत्येकाने एकच बदल लिहून द्यावा: काय, किती खर्चात, कोण, कोणत्या तारखेपर्यंत. तीन महिन्यांनी प्रशिक्षकाने त्या ग्रंथालयात जाऊन तो कागद आणि मोजपट्टी दोन्ही बाहेर काढावीत.

नमस्कार.